डब्यावरचे 25 अंश आणि आपला मे महिना

नमस्कार श्रोतेहो.

सुट्ट्या लागल्या की बोटीचा सांगाडा, विमानाचा पंख असली कामं निघतात आणि घरात रेझिनचे डबे येतात. रेझिन म्हणजे हार्डनर, म्हणजे घट्ट करणारं दुसरं द्रव्य, कालवलं की आळून कडक होणारा चिकट द्रव; त्याचे नेहमीचे दोन प्रकार, इपॉक्सी आणि पॉलिएस्टर. डब्यावर छापलेलं असतं, कालवल्यावर 30 मिनिटं वापरता येईल. शेजारी बारीक अक्षरात, 25 अंश सेल्सिअसला. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो. 10 अंश वाढले की रेझिन आळण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे 35 अंशांना 15 मिनिटं, 45 ला जेमतेम सात-आठ. म्हणून काम पहाटे काढा, आणि एका वेळी 30-40 ग्रॅमच कालवा.

जास्त कालवलं तर काय होतं? 100 ग्रॅम इपॉक्सी उभ्या पेल्यात तसंच राहू द्या. आधी पेला हाताला कोमट लागतो, मग चटका बसतो, प्लास्टिक मऊ पडतं आणि धूर निघतो. आळताना रेझिन स्वतःच उष्णता सोडतं, आणि पेल्यात ती कोंडते. कालवल्याबरोबर पसरट ताटलीत ओतलं तर तेवढंच रेझिन थंड राहतं. पेला तापायला लागला तर तो अंगणात, वाळूवर ठेवा. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका.

इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डिजिटल काट्यावर मोजा. डब्यावर ते मापाने दिलंय की वजनाने, हे आधी बघा. हार्डनर बहुधा रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे मापाने दोनास एक असलेलं प्रमाण वजनाने तसंच धरलं की हार्डनर जास्त पडतो आणि काम चिकट राहतं. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवणं हा तर निव्वळ गैरसमज. आणि कूलरच्या झोतात इपॉक्सी लावू नका. त्या ओल्या हवेने वर तेलकट, चिकट थर येतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने पुसल्याशिवाय पुढचा हात देऊ नये.

पॉलिएस्टर स्वस्त, पण जास्त खोडकर. दुकानदार बहुधा तीन बाटल्या देतो: रेझिन, जांभळट कोबाल्ट (आळण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि पाण्यासारखा हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटा, मगच हार्डनर, 100 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम. उन्हाळ्यात 1 पुरे. हा हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आधी, बाटलीचं झाकण नंतर. उडालाच, तर डोळा उघडा धरून किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि लगेच दवाखाना गाठा. सांडलेला हार्डनर भुशाने किंवा चिंध्यांनी टिपू नका, वाळू टाका.

पॉलिएस्टरचा उग्र वास त्यातल्या स्टायरीन या द्रवाचा. 31-32 अंशांच्या पुढे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोली त्यापेक्षा गरमच असते! ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते. म्हणून शेजारी गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती काहीही नको. काम ओसरीवर करा. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही, एन-95 सुद्धा नाही. वाफ शोषणारं कार्बनचं काडतूस असलेला मास्क लागतो. एन-95 कामी येतो तो पॉलिश पेपर मारताना, धुळीसाठी. पेपर ओला करून घासला तर धूळ मुळातच कमी उडते.

स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. थर्माकोलच्या पंखावर पॉलिएस्टर लावलं तर पंखाची खळगी उरते. तिथे इपॉक्सीच लागतं.

राहिले हात. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, पुढे थोड्याशा वाफेनेही खाज सुटते. नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला, रेझिन लागताच बदला. अंगाला लागलंच तर साबण-पाणी. थिनर किंवा ॲसिटोनने हात पुसायची सवय वाईट. त्याने कातडीवरचं तेल निघून जातं आणि रेझिन आत शिरतं.

उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका. पसरट ताटलीत पूर्ण घट्ट होऊ द्या, गार पडलं की मगच कचऱ्यात टाका.