होस्ट मेमरी परत मागतो तेव्हा

(दृश्य: सर्व्हरचं झाकण उघडलेलं, रॅमच्या पट्ट्या जवळून)

या सर्व्हरमध्ये, म्हणजे होस्टमध्ये, 128 जीबी रॅम आहे. त्यावर ईएसएक्सआय, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारा व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर, आणि त्याच्यावर 20 व्हीएम, म्हणजे ते आभासी संगणक, प्रत्येकाला 8 जीबी. बेरीज भरते 160. तरी काम सुरळीत चालतं, कारण दिलेली सगळी मेमरी सगळे एकाच वेळी वापरत नाहीत.

अडचण वेगळीच आहे. गेस्टने, म्हणजे व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिमने, आतल्या आत मेमरीचं एखादं पान (छोटा तुकडा) मोकळं केलं, तरी हायपरव्हायझरला त्याचा पत्ता नसतो. त्याच्या लेखी ते पान गेस्टकडेच आहे. मग परत घ्यायचं कसं? कार्ल वाल्डस्पर्गर यांनी 2002 साली मांडलेली बलूनिंगची युक्ती आजही वापरात आहे. व्हीएमवेअर टूल्स या संचाबरोबर गेस्टमध्ये एक छोटा ड्रायव्हर बसतो. होस्टला चणचण भासली की हा ड्रायव्हर फुग्यासारखा (बलून) फुगतो: गेस्टकडे मेमरी मागतो, अडवून ठेवतो, आणि तिच्याखालची खरी रॅम होस्टच्या हाती देतो. कोणतं पान सोडायचं हे गेस्ट ठरवतो, आणि ते त्यालाच ठाऊक असतं. ही या युक्तीतली सगळ्यात सुंदर गोष्ट. मूळ सेटिंगमध्ये बलून व्हीएमच्या मेमरीच्या 65 टक्क्यांपर्यंत फुगतो. टूल्स नसतील, तर हा मार्गच बंद.

बलून पुरला नाही, की 4 केबीचं पान दाबून 2 केबीत बसतंय का ते पाहिलं जातं. नाही बसलं, तर डिस्कवर, स्वॅप फाइलमध्ये. इथे होस्ट कोणतंही पान उचलतो. गेस्टला पुढच्या क्षणी लागणारंसुद्धा.

(दृश्य: ईएसएक्सटॉपचा स्क्रीन, 'एम' दाबल्यावर)

ईएसएक्सटॉप म्हणजे होस्टचे आकडे दाखवणारं टूल. इथे 'एमसीटीएलएसझेड' म्हणजे बलून किती फुगलाय. 'एसडब्ल्यूसीयूआर' म्हणजे स्वॅपमध्ये किती पडलंय. तो आकडा जुन्या चणचणीचाही असू शकतो. घाबरायचं ते 'एसडब्ल्यूआर', म्हणजे सेकंदामागे स्वॅपमधून किती वाचलं जातंय, हा आकडा सतत शून्याच्या वर असेल तर. म्हणजे व्हीएम या घडीला डिस्कची वाट बघतंय.

डेटाबेस आणि जावाच्या व्हीएमला पूर्ण रिझर्व्हेशन द्या, म्हणजे त्यांची मेमरी होस्टवर राखून ठेवा. जावाचं गार्बेज कलेक्शन (नको असलेल्या मेमरीची सफाई) सगळा हीप, म्हणजे जावाची मेमरी, चाळतं, त्यामुळे तिथे बलून फार महागात पडतो. स्वॅप फाइलचा आकार म्हणजे दिलेली मेमरी वजा रिझर्व्हेशन, त्यामुळे रिझर्व्हेशन दिलं की डेटास्टोअरवरची, म्हणजे व्हीएमच्या फाइली असतात तिथली, जागाही वाचते. पण सरसकट सगळ्यांना देऊ नका. एक होस्ट पडला आणि उरलेल्यांवर तेवढी रॅम राखता आली नाही, तर ते व्हीएम सुरूच होणार नाहीत.

आणि होस्टवर भरपूर रॅम मोकळी असूनही एकाच व्हीएमचा बलून फुगलेला दिसला, तर आधी 'लिमिट', म्हणजे व्हीएमला मिळणाऱ्या खऱ्या रॅमची कमाल मर्यादा, बघा. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ज्यावरून नवी व्हीएम बनतात त्या साच्यात, कुणीतरी 4 जीबीची लिमिट ठेवलेली असते. पुढे व्हीएम 16 जीबीचं होतं, लिमिट तशीच राहते. गेस्टला 16 दिसतात, मिळतात चारच. होस्टमध्ये कितीही रॅम घाला, फरक पडत नाही.

(दृश्य: सेटिंग्जची खिडकी, मेमरीचा रकाना)

लिमिट 'अनलिमिटेड' करा. व्हीएम बंद करावं लागत नाही. बलून उतरू लागतो. स्वॅपमधली पानं मात्र गेस्टने हात लावला तरच परत येतात.