डाय फिटरचा हात, फेरारीचा रोबो

(पहाट. पाम बीच रोड, नेरूळच्या बाजूने. आधी आवाज, मग गाडी.)

रविवारी उजाडायच्या आत या रस्त्यावर महागड्या स्पोर्ट्स कारची हजेरी लागते. एखादी पिवळी, एखादी लाल, आणि सिग्नलला मोबाइल काढून उभी असलेली कॉलेजची पोरं. त्यांच्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अरे, ही हाताने बनवतात!" शोरूमवाल्यांचंही ते लाडकं वाक्य. किंमत सांगायच्या आधी म्हणायला बरं पडतं. खोटं नाही, पण अर्धवट आहे.

जर्मनीतलं आफाल्टरबाख घ्या. मर्सिडीज-एएमजीची खास इंजिनं तिथे 'एक माणूस, एक इंजिन' या रिवाजाने बांधली जातात. ब्लॉक ट्रॉलीवर चढल्यापासून इंजिन पुरं होईपर्यंत माणूस बदलत नाही, आणि वर त्याच्या सहीची पट्टी लागते. निस्सान जीटी-आरचंही तेच. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची शेवटची गाडी बाहेर पडली. तोवर तिची व्ही-सिक्स इंजिनं योकोहामाच्या कारखान्यात मोजके उस्ताद कारागीर जुळवत होते. जपानीत त्यांना ताकुमी म्हणतात.

आता त्याच इंजिनाच्या सिलिंडरमध्ये डोकावून बघा. आतल्या भिंतीवर लोखंडाचा जेमतेम ०.१५ मिलिमीटरचा थर आहे, प्लाझ्माने फवारलेला. कुठल्या उस्तादाला ते हाताने जमणार? ताकुमी जुळवायचा ते यंत्राने कापलेले, घासलेले, मोजलेले भाग. आणि इंजिन तयार झाल्यावर गाडी उभी राहायची तोचिगीच्या कारखान्यात, कंपनीच्या इतर गाड्यांच्याच लाइनवर.

(मारानेल्लो, इटली. दोन रोबो समोरासमोर.)

फेरारीच्या इंजिन विभागात या दोघांना रोमिओ आणि ज्युलिएट म्हणतात. सिलिंडर हेडमध्ये प्रत्येक व्हॉल्व्हखाली धातूची एक कडी घट्ट बसवावी लागते. ठोकून बसवली तर खोबणीला ओरखडे जायचे. म्हणून कडी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गारठवतात. ती आकसते, खोबणीत अलगद उतरते, आणि गारवा गेला की फुगून अशी बसते की पुन्हा निघायचं नाव नको. पण सगळा खेळ काही क्षणांचा. उचलायला उशीर झाला की कडी पुन्हा फुगली, तिरकी टेकली की काम बिघडलं. इथे परंपरेच्या नावाखाली माणूस उभा करणं हा निव्वळ हट्ट झाला असता.

मग हात उरतो कुठे? उत्तर बरंचसं खपात दडलंय. २०२४ साली मारुती सुझुकीने वर्षभरात २० लाख गाड्या बनवायचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी फेरारीने गिऱ्हाइकांच्या हाती दिल्या १३,७५२. म्हणजे मारुतीचे अडीच-तीन दिवस! पत्र्याला दाबून आकार द्यायची डाय, म्हणजे पोलादी ठशांची जोडी, महागडी असते. तिचा खर्च लाखो गाड्यांत वाटला गेला तर एका गाडीमागे चिल्लर पडतो, शेकड्यांत वाटला तर कंबर मोडतो. म्हणून गाड्या थोड्या असल्या की डाय परवडत नाही. मग कार्बन फायबरचं कापड साच्यात हाताने अंथरा, नाहीतर ॲल्युमिनियम ठोकून वळवा. कारागिरी आहेच, पण तिच्यामागे मुनीमजींची वहीही आहे.

इंग्लंडमधल्या माल्व्हर्नची मॉर्गन हे या पंथाचं जुनं देवस्थान. वर्षाला हजाराच्याही आत गाड्या. चारचाकींच्या अंगाचा सांगाडा आजही ॲश लाकडाचा, सुतारांनी जोडलेला. त्यांचं इंजिन मात्र बीएमडब्ल्यूचं, तयार आलेलं. जे हाताने परवडतं आणि शोभतं ते हाताने. बाकीचं जिथे चांगलं बनतं तिथून. मला हा व्यवहार पटतो.

(ठाणे-बेलापूर रोड. रबाळे एमआयडीसीतली एक टूलरूम.)

आणि ज्याला आपण निव्वळ यंत्राचं काम म्हणतो, त्याचं काय? या शेडमध्ये गाड्यांच्या आतल्या पट्ट्यांच्या डाय बनतात. एकदा इथून निघाली की डाय हजारो पत्रे दाबेल, सगळे एकासारखे एक. इथे मात्र ती उघडी पडली आहे आणि डाय फिटर तिच्यावर ओणवे झालेत. वरच्या भागाला निळा रंग, मग प्रेस हळूच खाली, पुन्हा वर. खालच्या भागावर जिथे निळा डाग उठला, तिथे उंचवटा. तेवढाच ऑइल स्टोनने घासायचा, बोट फिरवून बघायचं, पुसायचं, पुन्हा निळा. डाग सगळीकडे सारखे पसरेपर्यंत हेच चालू. चहा आलेला कधीच गार झालाय.

शेजारी आयटीआयची एक शिकाऊ मुलगी लॅपटॉपवर स्कॅनरने मोजलेल्या डायचं चित्र बघते आहे. तिला प्रश्न पडलाय, आणि तो रास्त आहे.

"काका, स्कॅनरवर तर सगळं हिरवं आलंय. मग अजून काय घासताय?"

"अगं, स्कॅनर डाय टेबलावर असताना बघतो. अडीचशे टन दाब आला की प्रेसही वाकते थोडी, डायही. तेव्हा कुठे टेकतंय ते त्याला काय ठाऊक? हे बघ, या कोपऱ्यात उठलंय की नाही?"

"हो. पण ते या बाजूलापण उठलंय."

"ते तू रंग जाड लावलास म्हणून. पूस सगळं, आणि आता पातळ लाव."