गोविंदूचं नाव कॅटलॉगमध्ये कधी येणार?

मंडळी, विषय जाहीर झालाय तो 'जुनी ऑर्किड चित्रं कशी बघावीत', आणि त्यावर मी येणारच आहे, पण आधी गोविंदू नावाच्या एका चित्रकाराबद्दल बोलू द्या, त्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

रॉबर्ट वाइट तुम्हाला माहीतच आहे. मद्रासकडचा कंपनी सरकारचा सर्जन आणि वनस्पतींचा अभ्यासक. त्याचं 'आयकोनीस', म्हणजे भारतातल्या वनस्पतींच्या चित्रांचं पुस्तक, आपल्यातल्या बहुतेकांनी ऑर्किड ओळखताना कधी ना कधी उघडलेलं असतंच. १८३८ ते १८५३, सहा खंड, दोन हजारांवर प्लेट्स, म्हणजे छापील चित्रांची पानं. आता एवढं काढलं कोणी? आधी रंगय्या आणि मग गोविंदू, दोघंही इथलेच चित्रकार. वाइट त्यांना मानायचा, इतकं की १८५३ मध्ये त्याने एका ऑर्किडच्या जीनसलाच, म्हणजे जवळच्या जातींच्या गटालाच, गोविंदूचं नाव दिलं, गोविंदूइया! त्या काळात साहेबाने पगारी चित्रकाराच्या नावाने जीनस करायचा म्हणजे काय, विचार करा. टाळ्या वाजवायच्या असतील तर इथेच वाजवा, पुढे दुःख आहे.

कारण नंतर ठरलं की हे झाड लिंडली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३३ मध्येच केलेल्या ट्रोपिडिया जीनसमधलं. आधीचं नाव टिकणार हा नियम, झालं, गोविंदूइया गेलं सिनॉनिमच्या, म्हणजे बाद झालेल्या पर्यायी नावांच्या यादीत. नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो नसता तर नुसता गोंधळ झाला असता. पण बघा, याच लिंडलीसाठी मिस सेरा ड्रेक चित्रं काढायची, तिच्या नावाने त्याने १८४० मध्ये ड्राकिया केलं, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं ते हॅमर ऑर्किड, ज्याच्या ओठाला (फुलाच्या वेगळ्या आकाराच्या पाकळीला) मादी समजून नर गांधीलमाशी फसते. ते नाव आजही शाबूत आहे. ड्रेकबाईंचं टिकलं याचा मला आनंदच आहे, बाईंचं काम होतंच तसं. बेटमनचं मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या ऑर्किड्सचं पुस्तक आठवा, त्यातही चित्रं ड्रेकबाई आणि मिसेस विदर्स यांची. चाळीस प्लेट्स, फक्त १२५ प्रती, आणि आकार एवढा अवाढव्य की व्यंगचित्रकार क्रुकशँकने पुस्तकातच एक व्यंगचित्र टाकलंय, माणसं कप्पी लावून ते पुस्तक उचलतायत! (हसू नका, लायब्ररीवाल्यांना विचारा.)

तर गोविंदू. नाव जीनसमधून गेलं, ठीक. पण प्लेटवर तरी आहे ना? एका प्रदर्शनात (कुठल्या ते सांगत नाही) जुन्या पुस्तकातून कापलेल्या प्लेट्स फ्रेम करून लावल्या होत्या, त्यात वाइटच्याही होत्या. मी वाकून खालचा कोपरा बघतोय तर कोपराच नाही, फ्रेमवाल्याने माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) लावताना खालची पट्टी झाकून टाकलेली, म्हणजे चित्रकाराचं नाव जिथे असतं नेमकी तीच. शेजारच्या चिठ्ठीवर काय, तर 'वाइट, ऑर्किड'. अहो वाइटने नाही काढलं ते! आयोजकांना सांगितलं तर म्हणाले, सर, माउंटमुळे उठाव येतो. मग एका लायब्ररीत विनंती केली की कॅटलॉगमध्ये रंगय्या आणि गोविंदू टाका, तर उत्तर आलं, फॉर्ममध्ये तसा कॉलमच नाही. अर्धा तास वाद घातला, चहा मिळाला, कॉलम नाही मिळाला.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर 'हॉर्टस मलबारिकस', मलबारच्या वनस्पतींवरचा ग्रंथ. १६७८ च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलंय, म्हणजे सव्वातीनशेहून जास्त वर्षांपूर्वी अॅमस्टरडॅमच्या छापखान्याला ही नावं छापावीशी वाटली आणि आपल्याला कॉलम सापडत नाही? बाराव्या खंडाच्या (१६९३) सुरुवातीलाच आपली सीतेची वेणी हे ऑर्किड आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणारा लिनियस भारतात कधी आलाच नाही, १७५३ मध्ये तिला नाव देताना त्याने याच चित्राचा आधार घेतला.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, तर आता भराभर. चित्र बघताना आधी खालचा कोपरा बघा. 'डेल' लिहिलंय तो चित्रकार, 'स्कल्प' तो खोदकाम करणारा, 'लिथ' तो दगडावर उतरवणारा. मग फूल सोडून बाजूला काढलेले तुकडे बघा, ओठ, स्तंभ (फुलाच्या मधला दांडा), परागपुंज (परागांचे गोळे), कारण ऑर्किडचं फूल दाबून वाळवलं की ओठाचा आकार आणि रंग दोन्ही जातात, ओळख पटवायला हे तुकडेच उपयोगी पडतात. रंगीत प्लेट असेल तर एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शेजारी ठेवून बघा, रंग हाताने भरलेले असतील तर दोन्हींत फरक दिसणारच. पांढरं फूल काळपट दिसलं तर लगेच वेगळी जात समजू नका, शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकाने काळा पडतो.

आणि वाइटचे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या वेबसाइटवर फुकट आहेत, घरी जाऊन सहावा उघडा, गोविंदूइया शोधा, आणि तुमच्या लायब्ररीत वाइट असेल तर चित्रकारांची नावं घालायचा लेखी अर्ज द्या. मसुदा माझ्याकडे तयार आहे, बाहेर टेबलावर ठेवलाय, जाताना घेऊन जा.