आई नसलेली बदकाची पिल्लं थंडीत कशी जगवायची

नमस्कार मंडळी. आवाज जरा खालच्या पट्टीत ठेवतोय, कारण मांडीवर हे पाहुणे आहेत. आई कुत्र्याने नेली, भावंडं मागच्या खोक्यात आहेत.

थंडीचे दिवस. आमच्या निफाडकडे पारा 5-6 अंशांवर उतरतो, त्यामुळे सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, बल्ब किती वॅटचा लावू? सांगतो. पण माझ्या मते पिल्लाचा खरा वैरी ओल आहे, थंडी नंतर. कोरडं पिल्लू थोडा गारवा सोसतं. भिजलेलं पिल्लू साध्या वाऱ्यानेही गळाठतं. याच्या अंगावर अजून पिसं नाहीत, नुसती लव आहे. ती भिजून चिकटली की ऊब गेलीच.

आणि लोक काय करतात? "बदकच ते, पोहणारच" म्हणत टबात सोडतात, वर रील काढतात. अहो, आईबरोबरचं पिल्लू पोहून आलं की तिच्या पोटाखाली शिरून सुकतं. याने कुठे शिरायचं? भिजलंच असेल तर कोरड्या फडक्याने टिपा आणि उबेत ठेवा. अंग गरम होऊन ते स्वतः उभं राहीपर्यंत खायला घालू नका. चोच उघडून पाणी तर मुळीच ओतू नका.

आता खोका. तळाला भाताचं तूस. पिल्लं सुरुवातीला तूसही चोचीने टिपतात, म्हणून पहिले काही दिवस वर गोणपाट पसरा. वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरतात, फाकतात, आणि मग पिल्लाला नीट उभंच राहता येत नाही.

बल्ब जुना पिवळा हवा, 60 किंवा 100 वॅटचा. एलईडी उजेड देतो, ऊब नाही. (हल्ली तो पिवळा बल्ब मागितला की दुकानदार आपल्याकडेच बघत राहतो, तरी शोधा.) खोक्याच्या एकाच टोकाला टांगा, म्हणजे उकडलं तर पिल्लांना दुसरीकडे सरकता येतं. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण 32 अंश, मग दर आठवड्याला 3 अंश कमी. त्यासाठी बल्ब थोडा थोडा वर घेत जा. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर थंडी वाजतेय. लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. पांगून झोपली असतील तर तुम्हीही झोपा. फक्त बल्ब तारेने पक्का बांधा. तुसात पडला तर आगच. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली गोणपाटात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको. तिच्या विषारी वायूने, धूर दिसला नाही तरी, पिल्लंही जातील आणि माणसंही.

घरात खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, गावठी कोंबडी असेल तर मात्र बल्ब विसरा. खाकी कॅम्पबेल जातीची बदकं स्वतः फारशी खुडूक होत नाहीत, म्हणून त्यांची अंडी कोंबडीखाली बसवायची पद्धत जुनीच आहे. पिल्लं अगदी लहान असतील तर रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवा. सकाळी तिने चोच मारली तर लगेच बाजूला घ्या.

आता हे जवळून बघा. भरड्याचा घास घेतला, लगेच पाण्याकडे पळालं, चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवली, आणि ते बुडबुडे! नाकपुड्या धुण्यापुरतं पाणी लागतंच. म्हणून भांडं खोल पण अरुंद ठेवा, आत गोटे टाका, आणि ते जाळी ठेवलेल्या परातीवर ठेवा. सांडलेलं खाली जातं, तूस कोरडं राहतं. पाण्याशिवाय कोरडं खाद्य देऊ नका, घशात अडकतं.

खाद्य कोंबडीच्या पिल्लांचं चालतं, पण बदकांना नायसिन (ब3 जीवनसत्त्व) बरंच जास्त लागतं. ते कमी पडलं की पाय वाकतात. म्हणून खाद्यात थोडं ब्रुअर्स यीस्ट मिसळा, त्या यीस्टच्या भुकटीत नायसिन असतं. पाव नको. आणि इथेही ओल आलीच. बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका अजिबात देऊ नका. 1960 साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीमुळे एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, बदकाची पिल्लंही मेली. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं. बदकाच्या पिल्लांना ते इतकं चटकन बाधतं की पुढे प्रयोगशाळेत हे विष तपासायला हीच पिल्लं वापरली गेली.

साधारण सात-आठ आठवड्यांत पिसं भरतात. तोवर रात्री उघड्यावर ठेवू नका.

हे सगळं पाळीव बदकांचं. तळ्याकाठी हळदी-कुंकू बदकाचं पिल्लू एकटं दिसलं तर आधी लांब उभं राहून वाट बघा, आई बहुतेक गवतातच असते. खरंच पोरकं असेल तरी घरी पाळायचं नाही, वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे. वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा आणि माणसं येईपर्यंत कोरड्या फडक्यावर, भोकं पाडलेल्या खोक्यात, झाकून ठेवा.