मोजून घे

(दृश्य : पहाटेचे साडेपाच. लालबागमधल्या एका चाळीची गॅलरी. नळाखाली भरणाऱ्या कळशीचा आवाज.)

पाणी यायची वेळ झाली की ही चाळ जागी होते. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत ज्या बाई राहतात, त्यांना सगळी चाळ काकू म्हणते. मीही म्हणतो. मी याच मजल्यावर वाढलो.

दहा बाय बाराची खोली. इथली कुलपं बघा. कपाटाला कुलूप. पलंगाखालच्या ट्रंकेला कुलूप. ओट्याखालच्या दाराला कडीकोयंडा ठोकून घेतलाय आणि त्यालाही कुलूप, कारण आत गॅसचा सिलिंडर आहे. सगळ्या किल्ल्या काकूंच्या पदराच्या टोकाला. रात्री झोपतानाही.

(दृश्य : भांड्यांची मांडणी. वरची फळी रिकामी.)

या फळीवर तांब्याचा हंडा होता, सासूबाईंचा पितळी डबा होता, दोन समया होत्या. आधी हंडा गेला. मग डबा. समया गेल्या त्या गणपतीच्या तोंडावर. त्यातली एक काकूंना भंगारवाल्याच्या दुकानात दिसली. आपलीच समई त्यांनी पैसे मोजून घरी आणली. दोन महिन्यांनी तीच समई पुन्हा गेली.

नेणारा त्यांचा धाकटा मुलगा. वय आज एक्केचाळीस. चाळीत त्याला त्याच्या नावानं कोणी हाक मारत नव्हतं, गर्दुल्ला म्हणत होते. तो शब्द या निवेदनात पुन्हा येणार नाही. दहीहंडीला दुसऱ्या थरात तो आणि मी शेजारी उभे राहायचो. पुढे तो जिन्यात बसलेला दिसला की मी मागच्या जिन्यानं जायचो. हे मी अनेक वर्षं केलं, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

(दृश्य : बंद गिरणीची चिमणी, मागे काचेचे टॉवर.)

गर्द मुंबईत आली ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. ब्राउन शुगर, म्हणजे मातकट रंगाचं, अशुद्ध हेरॉइन. त्याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले. संपानं गर्द आणली असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ती बंगल्यांतल्या पोरांपर्यंतही पोचली होती. फरक इतकाच, की बंगल्यात विकायला बरंच काही असतं. गिरणगावात भोंगा थांबला, पगाराची तारीख गेली, आणि घरात विकण्याजोगं काय, तर हंडा आणि समई.

हे शहर नशेला नवखंही नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. ज्यांच्या दानातून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, त्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या व्यापारात कापसाइतकीच अफूही होती. १८४५ साली खुला झालेला माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या पैशांतून बांधलेला आहे. तेव्हा नशा इथून बोटीत चढायची आणि घरं दुसऱ्या देशातली रिकामी व्हायची.

(दृश्य : काकू भाजी निवडताहेत.)

काकूंच्या मुलाला पहिली पुडी मित्रानं फुकट दिली. पन्नीवर चेस करायची, म्हणजे धूर ओढायचा. सुरुवातीचं जे सुख असतं ना, ते खोटं नसतं, आणि पोरांना ते खोटं आहे असं सांगून काही होत नाही. हेरॉइनचं मेंदूत मॉर्फिन होतं. वेदना शमवणारी जी रसायनं शरीर स्वतः बनवतं, त्यांच्याच जागा ते बळकावतं. थोड्याच दिवसांत शरीराला त्याची सवय होते. तेवढ्याच मात्रेनं काही वाटेनासं होतं, म्हणून मात्रा वाढते. त्यानंतर माणूस मजेसाठी पीत नाही. टर्की लागू नये म्हणून पितो.

टर्की. गर्द पिणारी मुलं हा शब्द उच्चारतात तेव्हा त्यांचा चेहरा बघावा. शेवटच्या पुडीनंतर सहा ते बारा तासांत सुरू होते. आधी जांभया. मग नाकाडोळ्यांतून पाणी. अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, आणि पायांत असे गोळे येतात की पाय स्थिर राहत नाहीत. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. आठवडाभरात शरीर सावरतं.

काकू भाजी निवडता निवडता सांगतात, "रात्रभर पाय आपटायचा. खालच्या मजल्यावरचे वर यायचे भांडायला. मग मी त्याच्या पायांवर बसायचे. सकाळपर्यंत. तो म्हणायचा, आई, उठू नकोस."

थोडं थांबून त्या म्हणतात, "तिसऱ्या रात्री मीच पैसे दिले. शंभर रुपये. मीच म्हटलं, जा, घेऊन ये."

हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

उपाय काय कमी केले? आईची शपथ झाली. तुळशीची माळ घातली. गाणगापूरला नेऊन आणलं. शेवटी नातेवाईक म्हणाले, दोनाचे चार हात करा, आपोआप सुधारेल. आपल्याकडे हा सल्ला आजही दिला जातो आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्यात एका मुलीचं आयुष्य औषध म्हणून वापरलं जातं. सूनबाईंच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला, त्या ओवून आणायला सोनाराकडे गेल्या. सोनारानं वाट्या हातात घेतल्या आणि परत ठेवल्या. खऱ्या वाट्या कधीच गेल्या होत्या, त्या जागी बेन्टेक्सच्या ओवलेल्या होत्या. महिन्याभरात सूनबाई आपल्या मुलीला घेऊन चिपळूणला माहेरी गेल्या.

मग काकूंनी भिशी उचलली आणि मुलाला मुंबईबाहेरच्या एका केंद्रात ठेवलं. तीन महिने. तिथे त्याला साखळीनं बांधत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे अशा कुठल्याही आजारी माणसाला साखळीनं बांधायला बंदी आहे, व्यसनमुक्ती केंद्रालाही. काकूंना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, असंच करत असतील.

तो अंगानं भरून परत आला. चाळीत पेढे वाटले. अकराव्या दिवशी सार्वजनिक संडासात सापडला, ओठ निळे, श्वास चालत नव्हता. ही गोष्ट प्रत्येक घराला माहीत असायला हवी. महिनोन्महिने बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, पण हाताला जुनी मात्राच आठवते. तीच मात्रा आता श्वास थांबवते. म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दिवस सगळ्यात धोक्याचे, आणि नेमके त्याच दिवसांत आपण पेढे वाटत असतो. तो वाचला, कारण बाहेर रांगेत उभ्या असलेल्या शेजाऱ्यानं दार तोडलं.

(दृश्य : दवाखान्याचा बाक. स्टीलच्या ट्रेमध्ये एक छोटी गोळी.)

खरा रस्ता सापडला तो एका सरकारी केंद्रात. बुप्रेनॉर्फिनची गोळी, गर्दच्या जागी देतात ते औषध. रोज तिथे जायचं, नर्ससमोर ती जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बसायचं. टर्की लागत नाही, सुई आणि पुडीपासून माणूस लांब राहतो, आणि कामाला जाऊ शकतो. चाळीतले काही जण म्हणाले, एक नशा सोडून दुसरी धरली. असं म्हणणाऱ्यांपैकी कोणी त्याच्या पायांवर बसलेलं नव्हतं. सुई वाटून घेणाऱ्यांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी गाठतात. ते टळतं, हे एकटंही पुरेसं कारण आहे.

काकूंना आणखी एक भीती होती, पोलिसांची. दवाखान्यात नाव लिहिलं की मुलगा आत जाणार. १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झालेला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा कडक आहेच, सेवनालाही शिक्षा आहे. पण त्याच कायद्याच्या ६४ अ या कलमात, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण आहे. मात्र उपचार पूर्ण करायला हवेत. पुडी पकडली तर किती वर्षं, हे गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाठ असतं. हे कलम कोणालाच ठाऊक नसतं.

उपचार करणारे हात इथे पूर्वीपासून होते. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून. पण गरज किती मोठी आहे! २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत अफूवर्गातले पदार्थ घेणाऱ्यांची संख्या २ कोटी २६ लाख निघाली. त्याच पाहणीत एकच नशा अशी होती जिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे : हुंगायची नशा. पंक्चरचं सोल्युशन चिंधीवर घेऊन स्टेशनच्या पुलावर बसलेली आठ-दहा वर्षांची पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्या वासानं भूक मरते. म्हणून ती हुंगतात.

आणि आता एमडी. मेफेड्रोन, रसायनांपासून बनवलेलं अमली द्रव्य. २०१५ मध्ये ते एनडीपीएसखाली आलं. ते परदेशातून यावं लागत नाही. २०२३ मध्ये साकीनाका पोलिसांनी छापा टाकला तो नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या कारखान्यावर. गर्द माणसाला पेंगवते, एमडी झोपूच देत नाही. त्यामुळे घरात उशिरा कळतं. मुलगा रात्र रात्र जागतोय, आईला वाटतं अभ्यास करतोय.

(दृश्य : पुन्हा चाळ. सकाळचे सात.)

काकूंच्या मुलाला पुडी सोडून आज चौदा महिने झाले. तो एका कुरिअरवाल्याकडे काम करतो. रविवारी चिपळूणला फोन लावतो, मुलगी कधी बोलते, कधी नाही. कुलपं अजून तशीच आहेत. समुपदेशकानं काकूंना सांगितलं होतं, कुलूप काढायची घाई करू नका, आणि त्यालाही सांगितलं होतं, कुलपाचं वाईट वाटून घेऊ नकोस.

काकू पदराची गाठ सोडतात. कपाट उघडतात, शंभराची नोट काढतात, कपाट लावतात. दुधाला पाठवतात. मग गॅलरीत येऊन उभ्या राहतात. समोर डेअरी दिसते, तरीही त्यांचा हात कठड्यावर घट्ट असतो.

तो जिना चढून येतो. दोन पिशव्या ओट्यावर ठेवतो. उरलेले पैसे आईच्या तळहातावर ठेवतो, पण आत जात नाही. तिथेच उभा राहतो.

"मोजून घे," म्हणतो.

त्या मोजतात. एकेक नाणं.

"बत्तीस. बरोबर आहेत."

मग तो चपला काढतो.