एकाच खोऱ्याची बंदूक

नमस्कार, श्रोतेहो.

कुडाळकडच्या आमच्या घरात ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपासून शेत राखायला घेतलेली, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. कामाची वस्तू, तिच्याकडे कौतुकानं कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. पुढे नोकरीनिमित्त पेनसिल्वेनियात आलो आणि एका संग्रहालयात इथली जुनी लांब नळीची रायफल पाहिली. तीही ठासणीचीच. पण मेपलच्या लाकडावर वाघाच्या अंगासारखे पट्टे, त्यावर कोरलेल्या वेली, दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकायच्या लाकडी भागात, गोळीभोवती गुंडाळायच्या चिंध्या ठेवायचा छोटा कप्पा आणि त्यावर पितळेचं झाकण. लाकूडकामाची आवड मला पहिल्यापासून होती. शोभेसाठी का होईना, अशी एक आपल्या हातानं घडवायची, हे त्या दिवशी ठरलं.

अशी रायफल घडवायची तर आधी शैली निवडावी लागते, आणि तिथेच मी चुकलो. मला पेनसिल्वेनियातल्याच लीहाय खोऱ्यातल्या रायफलीचा बाक आवडला, म्हणून दस्ता तसा केला. तिथल्याच लँकेस्टर भागातल्या झाकणावरचं डेझीचं फूल आवडलं, तेही बसवलं. जवळच्या गावातले एक वयस्कर कारागीर ती बघायला आले. त्यांनी दस्त्याच्या वरच्या काठावरून अंगठा हळूहळू फिरवत नेला, झाकणापाशी थांबवला आणि म्हणाले, ‘अंग एका गावचं, झाकण दुसऱ्या गावचं. ही दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.’ इरकलीला पैठणीचा पदर जोडावा, तसं झालं होतं.

ही गावोगावची वेगळी वळणं आली कुठून? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन आणि स्विस बंदूककार पेनसिल्वेनियात येऊन वसले. त्यांच्याकडची शिकारी रायफल आखूड, जाड नळीची होती. इथे जंगलात आठवडेच्या आठवडे काढायचे, शिसं आणि बंदुकीची दारू महाग. मग नळीचं भोक लहान झालं, म्हणजे तेवढ्याच शिशात जास्त गोळ्या. नळी मात्र वाढत वाढत 42 ते 46 इंचांपर्यंत गेली. जन्म पेनसिल्वेनियाचा, पण जगभर नाव झालं ‘केंटकी रायफल’. शिष्य गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम करायचा, त्याचंच वळण उचलायचा. त्यामुळे दोन खोऱ्यांमधलं अंतर थोडं असलं तरी दस्त्याची रेघ वेगळी.

लँकेस्टरची रेघ सरळ. दस्त्याचा वरचा काठ पट्टी लावून आखल्यासारखा, कोरीवकाम उठावाचं. जेकब डिकर्ट हा तिथला नामवंत कारागीर. लीहायमध्ये तोच काठ नाजूक बाक घेतो, नक्षी बहुधा नुसत्या खोल रेषांची, आणि लाकडाच्या खालच्या अंगाला कधी कधी एक छोटा चेहरा कोरलेला सापडतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरातल्या रायफली अगदी साध्या: पितळेऐवजी लोखंड, आणि झाकणाच्या जागी चिंध्यांना लावायची चरबी भरायला नुसती एक खळगी. पहिल्यांदाच करणार असाल तर मी ही डोंगरी शैली घ्या म्हणेन. तिथे नक्षीच्या आड काही लपत नाही. अंगाची ठेवण साधली की रायफल साधली.

खोरं ठरलं की काळही ठरवा. 1770च्या आसपासचा दस्ता मागे चांगला जाड, सुमारे दोन इंच रुंद. 1820पर्यंत तो सडपातळ होऊन खांद्याकडच्या बाजूला चंद्रकोरीसारखा आत वळतो. जुन्या रायफलीवर सरकतं लाकडी झाकण शोभतं, पितळेचं नक्षीदार झाकण त्यानंतरच्या काळाचं.

रंगाबद्दल थोडं सांगतो, कारण मला स्वतःला तो क्षण फार प्रिय आहे. नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेलं पाणी कोऱ्या मेपलवर फिरवायचं. हे उघड्यावरच करा, वाफ वाईट असते. लाकूड आधी हिरवट, मळकट दिसतं आणि वाटतं, सगळं बिघडलं. मग तापलेलं लोखंड जवळ धरून हळूहळू शेक द्यायचा. बघता बघता तांबूस तपकिरी रंग चढतो आणि झोपलेले पट्टे जागे होतात. वरून जवसाचं तेल, हातानंच चोळून.

माझ्या त्या रायफलीचं झाकण मी काढलं. खाच अर्थातच उरली. त्याच मेपलचा तुकडा बसवून ती बुजवली. सांधा आजही दिसतो. बत्तीचं भोक, म्हणजे ज्यातून आतली दारू पेटते ते, मी पाडलेलंच नाही, कारण ती भिंतीवरच राहायची आहे. दुसऱ्या रायफलीचं लाकूड आता कामाच्या टेबलावर आहे आणि मागच्या भिंतीवर पूर्ण मापाचं एकच रेखाचित्र लावलंय, लीहायचं. तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलात तर नाझरेथजवळचं पेनसिल्वेनिया लाँगरायफल संग्रहालय जरूर बघा. आणि काचेपाशी जरा वाकून, खालून बघा. लाकडात तो छोटासा चेहरा दिसतो का, ते शोधा.

नमस्कार.