एक येनपासून सुरू झालेली तलवार

[पडद्यावर: लिलावाचं पान, बोलीचा आकडा बदलतो आहे]

बोली सुरू झाली एक येनपासून. आता ती दीड लाखाच्या पुढे गेली आहे आणि चार मिनिटं उरली आहेत. पण या चार मिनिटांवर विसंबू नका. जपानी लिलाव साइटवर विक्रेत्याने सोय ठेवली असेल, तर शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली वाढवली की मुदतही पाच मिनिटांनी पुढे सरकते. ऐनवेळी बटण दाबून बाजी मारायचा डाव इथे फसतो.

वस्तू आहे तलवार. वर्णन नेहमीचंच: जुन्या घरातून निघाली, आम्हाला यातलं काही कळत नाही, परत घेतली जाणार नाही. तलवारी विकणारे बहुतेक जण अडाणी असतात, निदान वर्णनात तरी.

बोली लावणारा टोकियोत राहतो. कॅमेऱ्यासमोर यायला तो तयार झाला नाही, म्हणून तुम्हाला त्याचे हात तेवढे दिसतील. बघा, म्यानाचा फोटो त्याने मागे टाकला. मुठीवरची रेशमी वीण, लोखंडी त्सुबा, म्हणजे मुठीपुढची हात राखणारी चकती, तेही मागे टाकलं. थांबला तो या फोटोवर.

[जवळून: मूठ उतरवलेली, गंजलेला लोखंडी भाग]

हा नाकागो. बांबूची खुंटी ठोकून काढली की मूठ सुटते आणि पात्याचा हा आतला भाग उघडा पडतो. याला तेल लावत नाहीत, घासत नाहीत. शेकडो वर्षांत चढत गेलेला हा काळपट गंज जाणकार आधी बघतात, कारण तो घाईने आणता येत नाही. नव्या गंजाला तांबूस झाक असते आणि तो बोटाला लागतो. कुणी हौसेने नाकागो लख्ख घासला, की तलवारीची निम्मी किंमत तिथेच गेली म्हणून समजा.

गंजाखाली छिन्नीने कोरलेली अक्षरं आहेत: बिशू ओसाफुने सुकेसादा. उलट बाजूला तेनबुन हा कालखंड, म्हणजे 1532 ते 1555 मधलं एक वर्ष, आणि महिना आठवा. या तलवारींवर महिना बहुतेक वेळा दुसरा नाहीतर आठवाच असतो. तो रिवाज होता, तारीख नव्हे.

2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार घेतली, तिचे फोटो तुम्ही पाहिले असतील. तिच्या पात्यावर सोन्याच्या पाण्याने नाव आहे ते मालकाचं. इथे नाव आहे कारागिराचं, आणि तेही मुठीच्या आत.

[योशिई नदी, सकाळ. ओसाफुने गाव]

ओसाफुने हे ओकायामा प्रांतात, योशिई नदीकाठी. जुन्या बिझेन प्रांताचा, म्हणजे सहीतल्या ‘बिशू’चा, हा भाग. जपानच्या राष्ट्रीय ठेव्यात जितक्या तलवारी आहेत, त्यांत बिझेनच्या सगळ्यात जास्त. डोंगरात लोहवाळू, जळणाला जंगल, माल न्यायला नदी. सोळाव्या शतकात, सरदारांची आपसांतली युद्धं पेटली तेव्हा, या गावाने तलवारींचा अक्षरशः रतीब घातला. सुकेसादा नावाचे कितीतरी लोहार एकाच काळात काम करत होते. कुणा सरदाराने मुद्दाम घडवून घेतलेल्या तलवारीवर लोहार स्वतःचं व्यक्तिनावही घालत असे, लांबलचक. पायदळासाठी गठ्ठ्याने काढलेल्या मालावर नुसतं बिशू ओसाफुने सुकेसादा. म्हणजे आपली तलवार गठ्ठ्यातली.

मग हा माणूस तिच्यासाठी एवढा का झुरतोय? कारण मोठ्या नावांत फसगत मोठी. एदोतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, कोतेत्सू या नामांकित लोहाराबद्दल संग्राहक म्हणतात, कोतेत्सू दिसली की खोटी समजावी. गठ्ठ्यातल्या मालावर खोटी सही घालायला कोण कशाला बसेल? (बसतात, पण कमी.)

पुढे सोळाव्या शतकाच्याच अखेरीस योशिईला महापूर आले, लोहारांची वस्ती वाहून गेली. 2020 मध्ये सेतोउची शहराने, ज्यात आज ओसाफुने येतं, याच भागात घडलेली सानचोमो ही राष्ट्रीय ठेवा असलेली तलवार 50 कोटी येनना विकत घेतली. पैसे लोकांच्या देणग्यांतून उभे राहिले.

[एक जुना कागद, शिक्का]

हे नोंदणीपत्र. याच्याशिवाय जपानमध्ये तलवार विकता येत नाही की घरात ठेवता येत नाही. महायुद्धानंतर दोस्तसैन्याने तलवारी गोळा केल्या, ढिगांनी वितळवल्या. कलावस्तू म्हणून ज्या राखायच्या, त्यांची नोंद 1951 पासून सुरू झाली, आणि ते काम पोलिसांकडे नाही, प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे आलं. कागदावर लांबी, बाक, खुंटीची भोकं किती आणि सही. नोंद तलवारीच्या नावे असते, माणसाच्या नव्हे. नव्या मालकाने वीस दिवसांत मंडळाला कळवायचं. विक्रेते हा कागद मोठ्या दिमाखात दाखवतात, पण सही खरी की खोटी याबद्दल तो काहीच सांगत नाही. देशाबाहेर न्यायची तर हा कागद परत करून सांस्कृतिक खात्याचा दाखला घ्यावा लागतो.

[घंटी. बोली संपली]

लागली बोली. आकडा त्याने झाकला आहे.

[पॉलिशचं दालन. पाणी, दगड, उजेड]

आता खरी गोष्ट. फोटोत नाकागो दिसतो, पोलाद दिसत नाही. ते दिसतं इथे, तोगिशीसमोर. आपल्याकडे ज्याला शिकलगार म्हणू, तो हा माणूस. बुटक्या स्टुलावर बसतो, उजव्या पायाने लाकडी पट्टी दाबून दगड जागेवर धरतो आणि पातं दगडावर ओढतो. पाणी सतत.

आधी त्याने पातं दिव्यासमोर तिरकं धरलं. धारेला आडवी, केसासारखी बारीक चीर शोधतोय. तिला हागिरे म्हणतात. ती सापडली तर तलवार मेली, आणि ती कुठल्याच फोटोत येत नाही. मग तो बघतो, पातं कधी आगीत सापडून त्याचं पाणी उतरलं होतं का, आणि नंतर कुणी ते पुन्हा चढवलंय का. दोन्हीतून सुकेसादा सुटली.

पण मधल्या कुणा मालकाने हिला सॅंडपेपर मारला आहे. या ओरखड्यांकडे बघा. दर पॉलिशला थोडं पोलाद जातं, जपून केलं तरी जातं. सॅंडपेपरने गेलेलं पोलाद कशाच्याच कामी आलेलं नसतं. कडा गोल झाल्या आहेत, आता त्या पुन्हा काढायच्या म्हणजे आणखी पोलाद खर्ची घालायचं. इंटरनेटवर व्हिडिओ बघून तलवार घासणाऱ्यांना हा एक शॉट दाखवायला हवा.

भरड दगडापासून सुरुवात. मग बिन्सुई, कायसेई, नागुरा. प्रत्येक दगडाने आधीच्या दगडाचे ओरखडे पुसायचे आणि स्वतःचे सोडायचे. शेवटी क्योटोकडचा उचिगुमोरी. त्याच्या कागदाइतक्या पातळ चकत्या, मागे योशिनोचा कागद लाखेने चिकटवलेला. ती चकती अंगठ्याखाली धरून तो बोटभर जागेवर फिरत राहतो.

[पात्यावर अंगठा, अगदी जवळून]

ही पांढरी लाट बघा. पाणी देताना पात्यावर मातीचा लेप असतो, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. त्या लेपाने आखलेली ही रेघ, हामोन. वरचं लाकडाच्या रेषांसारखं अंग घड्या घालून ठोकल्यामुळे आलेलं. गठ्ठ्यातला माल, तरी.

या पॉलिशला बोलीपेक्षा जास्त पैसे लागले, आणि विकली तर ते निघणार नाहीत.

[र्योगोकू, टोकियो. तलवार संग्रहालयाची इमारत]

पुढची पायरी शिन्सा, म्हणजे पारख. ती करते जपानी कलातलवार जतन संस्था, 1948 साली स्थापन झालेली. सही पटली तर होझोन हा पहिल्या पायरीचा दाखला, त्यावर आणखी तीन पायऱ्या. फोटो पाठवून चालत नाही, पातंच त्यांच्या हाती द्यावं लागतं. सुकेसादाचा अर्ज भरून झाला आहे. आत चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही.